चष्म्याखालची जागा

शाळेतल्या मास्तरीणबाईंच्या नव्या चष्म्यावर रक्ताचा थेंब पडला, आणि पडला तोही नेमका डाव्या काचेच्या मधोमध. बाई खुर्चीत मान वर करून बसल्या होत्या आणि चष्मेवाला त्यांच्या तोंडावर वाकून कानामागची काडी चाचपत होता. असं वाकताना तो नेहमी श्वास धरून ठेवायचा. परक्या माणसाच्या इतक्या जवळ जायचं तर निदान आपला श्वास आपल्याजवळ ठेवावा, असं त्याचं म्हणणं. फ्रेम हलली नाही, दोन्ही पॅडं नाकावर सारखी टेकली, आणि तो सवयीने "बसला" म्हणणार तेवढ्यात बाईंचं अर्धं जग लाल झालं. "अहो, तुमच्या डोळ्यातून रक्त येतंय!" बाई म्हणाल्या. "डोळ्यातून नाही हो, नाकाच्या बाजूने. माझ्या चष्म्याचं पॅड रुततं," तो म्हणाला, आणि गडबडीत त्याने आधी स्वतःचं नाक पुसलं आणि मग त्याच फडक्याने बाईंची काच. "मला तर तुम्ही सांगितलं होतं, चार दिवसांत पॅडची जागा तयार होते आणि मग त्रास नाही," बाई म्हणाल्या. वर्गात बोलतात तशाच बोलत होत्या. राग नाही, फक्त उत्तराची वाट. "तुमची नाही झाली अजून?" "माझी काच जड आहे." "हं," बाई म्हणाल्या. "मला दुसरी फ्रेम दाखवा."

दिवसभर तो थेंब त्याच्या डोक्यातून जाईना. राग आला होता, आणि कुणावर आला होता तेच कळत नव्हतं. बाजारात तो नाकावर माशी बसू न देणारा माणूस म्हणून प्रसिद्ध, आणि त्याच्याच नाकावर दोन वर्षं काहीतरी ठाण मांडून बसलं होतं. काहीतरी म्हणजे सुरुवातीला उजव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली, नाकाच्या उतारावर, बोटाला लागणारा एक दाणा. मग त्या दाण्यावर खपली धरायला लागली. तोंड धुताना ती निघायची, जरासं रक्त यायचं, आठवड्याभरात सगळं साफ झाल्यासारखं वाटायचं, आणि चला, गेलं एकदाचं, असं म्हणावं तोवर बोटाला पुन्हा खरखर. दुसरा कुणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. चष्मेवाला दुकानाच्या मागच्या खोलीत गेला आणि त्याने पॅड बदललं. आधी मऊ बसवलं, मग त्याहून मऊ, मग कडक, मग सोन्याचं पाणी दिलेलं, कारण कुणाकुणाला धातू सोसत नाही. पॅडचे बारीक हात पकडीने बाहेर वाकवले, आत वाकवले, फ्रेम केसभर वर उचलली, हलकी काच मागवली. प्रत्येक खटपटीनंतर काही दिवस खपली धरायची नाही आणि त्याला स्वतःच्याच हाताचं कौतुक वाटायचं. नाकाच्या कुठल्याही दुखण्याला त्याच्या धंद्यात एकच कारण असतं, आणि त्या कारणावर इलाज करणारा सगळ्या गल्लीत तो एकटाच होता. बायकोने एकदा विचारलं होतं, "अहो, ते काय सारखं सारखं होतंय तुम्हाला?" "पॅड," तो म्हणाला होता. विषय संपला. घरात डोळे, नाक आणि कान यांवर त्याच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

मास्तरीणबाई गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो नाइलाजाने त्वचेच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यांचा चष्मा वाकडा होता. डावी बाजू वर, उजवी खाली. बाईंनी दिव्याचं भिंग लावून त्याच्या नाकाशी तोंड आणलं तेव्हा त्याला दुसरं काही दिसलंच नाही. ही बाई रोज आरशात बघते आणि हिला हे खुपत कसं नाही, एवढाच विचार. "किती दिवसांपासून आहे?" "पॅडमुळे ते..." "पॅडचं राहू द्या. किती दिवस?" तो दाणा आता दाणा राहिला नव्हता म्हणे, मधे खळगा, कडा उचललेली, कडेवर मोत्यासारखी चकाकी, आणि त्या चकाकीत केसांएवढ्या रक्तवाहिन्या. बाईंनी सुई टोचून जागा बधिर केली, तपासायला एक कण काढून घेतला आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी एका दमात दोन वाक्यं सांगितली. पहिलं, की हा त्वचेचा कॅन्सर आहे. दुसरं, की घाबरायचं कारण नाही.

खरं तर तिथूनच त्याचं डोकं फिरायला सुरुवात झाली. घाबरायचं नसेल तर तो शब्द कशाला काढता, आणि तो शब्द काढायचाच असेल तर माणसाला जरा घाबरू तरी द्या! डॉक्टरबाई मात्र समजावून सांगत होत्या, आणि चांगलं सांगत होत्या. कातडीच्या वरच्या पापुद्र्याच्या अगदी तळाशी पेशींची एक ओळ असते, ती सतत नव्या पेशी घडवत असते. आयुष्यभर ऊन खाऊन खाऊन त्या ओळीतली एखादी पेशी बिघडते आणि थांबायचं कधी ते विसरते. याला बेसल सेल कार्सिनोमा म्हणतात. हा सहसा अंगात दुसरीकडे जात नाही. जिथे आहे तिथेच बसतो आणि हळूहळू खात राहतो. आधी कातडी, मग खालचं मांस, मग कूर्चा, हाड. "पण मी तर सावलीत बसणारा माणूस," तो म्हणाला. "लहानपणी?" बाईंनी विचारलं. लहानपण सगळं उन्हातच गेलं होतं, पण त्याचा हिशेब आता कोण मागणार होतं, आणि कुणाकडे? मलम नाही का, त्याने विचारलं. मलम अगदी वरवरचं असेल तर, बाई म्हणाल्या. हा खोल आहे, आणि डोळ्याच्या कोपऱ्याशी आहे. किरणांचा उपचार आहे, पण तो मागे ठेवू. इथे थराथराने काढणं बरं. एक पातळ थर काढायचा, रंग लावून त्याच्या कडा ओळखून ठेवायच्या, थर गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, आणि जिथे उरलेला दिसेल तेवढ्याच जागी पुन्हा जायचं. वरून दिसतं त्यावरून आत किती पसरलंय ते कळत नाही, म्हणून ही सगळी उठाठेव. त्याने मान हलवली. कळलं सगळं. कळलं ते मात्र कुणा तिसऱ्याच माणसाच्या नाकाबद्दल असल्यासारखं कळलं. घरी आल्यावर मेहुण्याचा फोन, "सुटलात भाऊजी! हा काही खरा कॅन्सर नव्हे." त्यानंतर लेकीचा फोन, आणि ती नुसती रडतेय. एकीकडे हसणारा, एकीकडे रडणारी, आणि ज्याचं नाक तो मधे रिसीव्हर धरून उभा. मेहुण्याशी तो चिडून बोलला, "तुमच्या नाकावर झाला असता म्हणजे खरा झाला असता का?" आणि लेकीवर तर त्याहून जास्त चिडला.

आज सकाळी ते थर काढणं सुरू झालं. पहिला थर निघाला, उरला होता. दुसरा थर निघाला, आणि आता तो बाहेरच्या बाकावर बसून होता, नाकापासून भुवईपर्यंत जाड पट्टी, हात मांडीवर, आणि समोर काहीच नाही. आंधळा नव्हे. पण जन्मापासून त्याला प्लस आठचा नंबर. जवळचं दिसत नाही आणि लांबचंही दिसत नाही, चष्मा काढला की जग म्हणजे नुसतं दूध आणि त्यात हलणारे डाग. पहिल्या थरानंतर त्याने पट्टीवरच चष्मा चढवून पाहिला होता. एक पॅड नाकावर, दुसरं कापसावर, फ्रेम कलली, घसरली, त्याने दाबली, आणि नर्स ओरडली, "काका, जखमेवर दाबताय तुम्ही!" त्यानंतर बायकोने चष्मा त्याच्या हातातून काढून आपल्या पिशवीत टाकला होता. चार माणसांत लहान पोराच्या हातून खेळणं काढून घ्यावं तसं. बाकावर शेजारी एक डाग होता, त्याला आवाज होता. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, खिडकीच्या बाजूचा कान पट्टीत. "माझा चौथा थर चाललाय साहेब," तो डाग मजेत म्हणाला. "कान उरला तर बरं, नाही उरला तरी काय, बायकोचं अर्धंच ऐकू येईल." चष्मेवाल्याला हसू आलं नाही. हसायला गेलं की पट्टी ताणली जात होती, आणि त्याला या माणसाचं तोंड बघायचं होतं. माणूस हसत असला म्हणजे आतून हसतोय की नुसते दात दाखवतोय, हे दिसल्याशिवाय कसं कळावं?

शाळेत जायच्या वयापर्यंत तो असाच दुधात वावरला होता. मंद आहे पोरगं, घरात म्हणायचे. भांड्यांवर पाय देतं, माणसं ओळखत नाही, नुसतं उन्हात उभं राहतं. उन्हात तो उभा राहायचा कारण उन्हात डाग जरा वेगवेगळे व्हायचे. मग कुणीतरी सुचवलं म्हणून आई त्याला एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याकडे घेऊन गेली. त्या म्हाताऱ्याच्या बोटांना तेलाचा आणि तापल्या फ्रेमचा वास होता. त्याने जड चष्मा पोराच्या नाकावर ठेवला, अंगठ्याने मधोमध हलकेच दाबला, मागे सरकून बघितलं आणि म्हणाला, "बसला." त्या क्षणी आईच्या पापण्यांना केस असतात हे त्याला पहिल्यांदा कळलं. पुढे तो याच धंद्यात शिरला ते त्या एका शब्दासाठी. चष्मा म्हणजे काच नव्हे, काच कुणीही घासून देतं. चष्मा म्हणजे बैठक. जो बसत नाही तो चष्माच नव्हे, असं तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा, निम्म्यांना तर दोनदा. आता त्याच पोराच्या नाकी नऊ आले होते आणि बसायची जागाच कुणीतरी थराथराने सोलून काढत होतं.

दार उघडलं, पांढरा डाग आला. डॉक्टरबाई. "दुसऱ्या थरातही आहे अजून," त्या म्हणाल्या, आणि त्याच्यापुढे कागद फडफडला. "हा तुमच्या जखमेचा नकाशा. हे बघा, खाली साफ झालंय, डावीकडे साफ झालंय. फक्त इथे लाल केलंय तेवढंच उरलंय. दिसतंय ना?" "नाही," तो म्हणाला. "हे, इथे." "डॉक्टर, मला कागदच दिसत नाहीये!" बायको वाकली. "लाल आहे हो थोडंसं. वरच्या बाजूला." "वरच्या म्हणजे? कपाळाकडे की डोळ्याकडे?" "वरच्या." "अगं, कपाळाकडे की डोळ्याकडे?" "मला काय कळतंय त्यातलं, नुसती गोल रेघ आहे, त्यावर वर लाल आहे." "डोळ्याकडे," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि तेच सांगायला आले. कोपऱ्यात अश्रू वाहून नेणारी बारीक नळी असते. तिसरा थर घेताना ती वाचेलच असं नाही. गेली, तर त्या डोळ्याला सारखं पाणी येत राहील. पुढे त्यावर काही करता येतं, पण आधीसारखं होईल असं सांगत नाही. थर न घेता सोडलं, तर तो डोळ्यामागे जाईल. तुमची तयारी असेल तर आत्ता घेते."

सारखं पाणी. त्याने तो डोळा डोळ्यांपुढे आणला. म्हणजे डोळ्यापुढे डोळा आणणार कसा, पण आणला. गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाकलाय, श्वास धरलाय, आणि टिप. रक्त नाही, पाणी. काच पुसतोय, पुन्हा टिप. मला दुसरी फ्रेम दाखवा. मला दुसरं दुकान दाखवा. "मला आधी बघायचंय," तो म्हणाला. "काय?" "माझं नाक. माझी जखम. तुम्ही सगळ्यांनी बघितली, नर्सने बघितली, हिने कागदावर बघितली. माझ्या डोळ्याचा निकाल लागायचाय आणि मी एकट्यानेच बघायचं नाही?" "फोटो काढून देऊ?" "फोटो कशाने बघू? चष्मा बसत नाही तिथे!" आवाज चढला. ट्रकवाल्याचा डाग बाकावर जरा सरकून बसला. "मग मी हो म्हणत नाही," चष्मेवाला म्हणाला. "न बघता मी कधी कुणाची काचही कापली नाही." डॉक्टरबाईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "आत या. तुम्हीही या बाई. पण लवकर, बधिर केलेलं उतरायला लागेल."

आत तो टेबलावर टेकून बसला. आतल्या दिव्याची ऊब गालावर येत होती. जळक्या केसांसारखा वास अजून खोलीत होता. पहिल्यांदा रक्त थांबवायला जागा डागली तेव्हा हा आपलाच वास आहे हे कळायला त्याला वेळ लागला होता. पट्टी निघाली. हातात आरसा आला. आरशात दूध. त्याने आरसा जवळ आणला, लांब नेला, आणि त्याला रडूच यायला लागलं. दुःखाने नव्हे, निव्वळ चडफडाटाने. सगळं हाताशी आहे, आरसा आहे, दिवा आहे, डोळे धडधाकट आहेत, चष्मा पिशवीत आहे, आणि बोटभर जागेवाचून सगळं फुकट. फ्रेमची काडी कपाळाला चिकटपट्टीने लावता येईल का? नाकावरचा मधला ब्रिज उलटा करून? कानांवरून दोरी? त्याचं डोकं बैठकीच्या मागे धावत होतं. तेवढ्यात पिशवीची चेन वाजली. "हलू नका," बायको म्हणाली, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन हात आले. तिने चष्मा काड्यांना धरून नुसता त्याच्या डोळ्यांपुढे आणला होता. नाकाला न टेकवता. हवेत.

एवढं साधं! चष्म्यात सगळी हयात घालवली आणि हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं, कारण न बसलेला चष्मा त्याच्या लेखी चष्माच नव्हता. "जरा जवळ," तो म्हणाला. "लांब गेला की प्लसचा जोर वाढतो. डावा हात खाली. अगं, केसभर. हां. हां, थांब." दूध फाटलं. आरशात एक म्हातारा होता, आणि त्याच्या नाकाच्या उतारावर अंगठ्याच्या नखाएवढा खड्डा, ओला, लालसर, तळाशी पांढुरका, वरची कड थेट डोळ्याच्या कोपऱ्याला भिडलेली. त्याला वाटलं होतं तेवढा भयंकर नव्हता आणि वाटलं होतं त्यापेक्षा खूप मोठा होता. तो बघत राहिला. डाव्या बाजूला पॅडची जागा दिसत होती, वर्षानुवर्षांची, गुळगुळीत, छोट्या चिंचोक्याएवढा खळगा. मग त्याने उजवीकडची पॅडची जागा शोधली. तीही होती. तशीच गुळगुळीत, तशीच धड, एक ओरखडा नाही. खड्ड्याच्या खाली. चांगली बोटभर खाली.

चष्मा घातला की दाण्याची जागा फ्रेमच्या कडेमागे जायची. चष्मा काढला की त्याला आरसाही दिसायचा नाही. दोन वर्षं त्याने ती फक्त बोटाने बघितली होती, आणि बोटाला कुठे कळतंय पॅड इथे की बोटभर खाली? म्हणजे पॅड तिथे कधी टेकलंच नव्हतं. ते मऊ, ते कडक, ते सोन्याचं पाणी, ती पकड, ते स्वतःचं कौतुक, सगळं बोटभर खाली चाललं होतं आणि हा वर निवांत खात बसला होता. "पॅडची जागा खाली आहे," तो मोठ्याने म्हणाला. "अगं, ऐकलंस का? पॅडची जागा खाली आहे." "हो," बायको म्हणाली. "हो म्हणजे? तुला माहीत होतं?" "दिसायचं की. तुम्ही रात्री चष्मा काढून झोपायचा तेव्हा दिसायचं." "मग बोलली का नाहीस?" तो ओरडलाच. "दोन वर्षं! एक शब्द?" "तुम्ही पॅड म्हणालात ना," ती म्हणाली. "मला वाटलं, पॅडमुळे वर कुठेतरी ताण येत असेल. मला वाटलं, त्यातलं मला काय कळतंय." तिने हे नकाशाबद्दलही म्हटलं होतं, आत्ताच, बाहेर, आणि तो तिच्यावर खेकसला होता. हे म्हणायला तिला कुणी शिकवलं ते त्याला ठाऊक होतं. डोळे तिचे चांगले होते, घरात एकटीचे चांगले होते, आणि त्याने त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. त्याला तिचा संताप आला. माझ्यावर एवढा विश्वास ठेवायला तुला सांगितलं कुणी, असं तिला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, पण तिला हलवलं असतं तर चष्मा हलला असता.

"डॉक्टर," तो म्हणाला, "घ्या थर. नळी जायची असेल तर जाऊ द्या. सगळा साफ होईपर्यंत घ्या." "नीट बघून झालं?" "झालं." त्याने मान जरा वळवली, बायकोच्या हातांनी चष्मा तसाच वळवला. डॉक्टरबाई समोर उभ्या होत्या, खऱ्याखुऱ्या, दमलेल्या, आणि डावी बाजू अजून वर. "आणि बाई, पट्टी निघाली की दुकानात या. तुमची फ्रेम मला पहिल्या दिवसापासून बघवत नाहीये." डॉक्टरबाईंनी नकळत चष्म्याला हात लावला आणि हसल्या. आतून हसल्या. त्याला ते स्पष्ट दिसलं.

"आडवे व्हा आता," त्या म्हणाल्या. तो आडवा झाला. बायको त्याच्याबरोबर वाकली, तिचं तोंड त्याच्या तोंडाच्या अगदी जवळ आलं, आणि त्याच्या लक्षात आलं की तिने श्वास धरून ठेवलाय. तिच्या पापण्यांचे केस पिकायला लागले होते. हे कधी झालं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हात दुखत असणार. काड्या जराशा थरथरत होत्या. "काढू का आता चष्मा?" तिने विचारलं.

"राहू दे जरा," तो म्हणाला. "बसलाय नीट."